धुरी वाढवा

तीन वर्षांपूर्वी एका मासिकात मी तासगावकडच्या एका गावातल्या मुक्कामाबद्दल लिहिलं होतं. वाचकांना ते आवडलं. पत्रं आली, फोन आले. एका लग्नात तर एका अनोळखी गृहस्थांनी माझा हात धरून त्यातला एक परिच्छेद मला तोंडपाठ म्हणून दाखवला. नेमका तोच परिच्छेद खोटा होता.

त्यात मी लिहिलं होतं की, फिनलंडहून आलेल्या स्वयंसेविकेला बेदाण्याच्या शेडमधली गंधकाची धुरी थांबवायला सांगितलं, तर तिनं ती आणखी पेटवली आणि बेदाण्याचा अख्खा एक कप्पा वाया घालवला. पुढे माझा शेरा होता: 'ज्या देशात हिवाळाभर सूर्याचं तोंड दिसत नाही, तिथल्या माणसाला जाळ दिसला की तो मोठा करावासा वाटणारच.' या वाक्यावर लोक हसले. लिहिताना मीही हसलो होतो. खरी गोष्ट अशी, की तिनं जे केलं ते मी सांगितलं म्हणून केलं. दुभाषा मी होतो आणि चूक माझी होती.

मी चौतीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी दुभाष्याचं काम करू लागलो. परदेशातली माणसं या संस्थेमार्फत दोन-दोन महिने शेतकऱ्यांच्या घरी राहतात, त्यांच्याबरोबर राबतात, त्यांच्यातच जेवतात. ती फिनलंडची स्वयंसेविका, मार्यात्ता, त्यांच्यातलीच. चाळिशीपर्यंत तिनं बर्फातून टपाल वाटलं, नंतर टपाल कचेरीत बसून शिक्के मारले, आणि साठी जवळ आल्यावर तिला वाटलं की हात फुकट चाललेत. गावातल्या मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव फोडून 'मारीआत्या' केलं आणि ते कायम झालं.

त्या प्रकारानंतर ती ठरल्यापेक्षा आठ दिवस आधीच परत गेली. आणि या वर्षी माघात तिचं पत्र आलं. पुन्हा यायचंय, त्याच गावी, ज्यांची ती बेदाण्याची शेड त्याच शालनआक्कांकडे. तुम्ही याल का? शेवटी एक ओळ होती: 'या वेळी मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारीन.' ती ओळ मी बऱ्याचदा वाचली. मग बॅग काढली.

दहिवडीच्या पुढे, माण

तासगावला जायला आम्ही लांबचा रस्ता धरला. पुण्याहून सातारा, साताऱ्याहून दहिवडी. मागच्या खेपेला आक्कांच्या बागेत माणदेशातली मेंढरं बसली होती आणि त्यांच्या लेंड्यांवर वेलींनी काय जोर धरला होता ते मार्यात्तानं पाहिलं होतं. तिला ती मेंढरं ज्या घरची, ते घर बघायचं होतं. टपालवालीचा स्वभाव, पाकीट कुठून आलं ते पाठीमागे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

घर सापडलं. पुरुष एकही नव्हता. एक मेंढरांमागे गेलेला, दोघे मुंबईला कामाला. घरात सासू, सून आणि अंगणात बांधलेली शेळी, जिनं पहिल्या दहा मिनिटांत मार्यात्ताच्या टोपीची कड खाल्ली.

"लय गुणाची हाय," सासूबाई शेळीबद्दल म्हणाल्या, "पर कापड दिसलं की तिला राहवत न्हाई."

मार्यात्तानं उरलेली टोपी शेळीच्याच शिंगाला अडकवली. सून हसून हसून खाली बसली. माझ्या दुभाषेपणाची पुढे फारशी गरज पडली नाही.

भोवती उघडी टेकाडं, मध्येच हिरव्या बाभळी, आणि वाऱ्याला इतका मोकळा रस्ता की बोलणं अर्धं उडून जायचं. मार्यात्ता म्हणाली, आमचं गाव असंच आहे, फक्त पांढरं. तिथलेही पुरुष कामाला दूर जातात, आणि बायका सगळं चालवून वर 'कारभारी घरी नाहीत' असं सांगतात. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मार्यात्ताकडे नवीन नजरेनं पाहिलं. "मग तू आमचीच हायस की," त्या म्हणाल्या.

जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं गरम, पातळ माडगं आणि ठेचा. फिनलंडमध्ये म्हणे पाहुण्याला भांडं दाखवतात आणि तो हवं तेवढं घेतो. इथे तसं कसं चालेल? सून भाकरी घेऊन आली.

"वाढू?"

"पुरे," मार्यात्ता म्हणाली. हा शब्द तिला चांगला येतो.

"अर्धी वाढू?"

"पुरे, पुरे."

"चतकोर तरी," म्हणत सुनेनं अख्खी टाकली. तिसऱ्या भाकरीला मार्यात्ता दोन्ही हात ताटावर पसरून ओणवी झाली, कोंबडी पिलांवर बसावी तशी. तरी सासूबाईंनी बोटांच्या फटीतून ठेचा सोडलाच.

जेवल्यावर तिनं वही काढली. मराठी शब्दांची तिची एक जाड वही आहे. तिनं विचारलं, "वाढणं म्हणजे मुलं मोठी होतात ते. वाढणं म्हणजे ताटात घालणं. आणि वाढवणं?"

"मोठं करणं. जास्त करणं," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो, आणि चूळ भरायच्या निमित्तानं उठलो.

म्हणजे तीन वर्षांनी, काही कारण नसताना, मी तीच चूक पुन्हा केली. आणि या वेळी तर मी पूर्ण जागा होतो.

विटा, बसस्थानक

मायणीमार्गे विट्याला पोचलो तेव्हा तासगावची गाडी नुकतीच गेली होती. बसस्थानकाबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. घुंगरांचं चाक फिरत होतं. दोन ग्लास घेऊन आम्ही बाकावर बसलो आणि मी सांगायला सुरुवात केली, कारण पुढच्या गाडीत बसलो असतो तर तासगाव आलं असतं.

मी तिला सांगितलं की मराठी माणूस काही गोष्टी नावानं बोलत नाही. दिवा विझव असं जुनी माणसं म्हणत नाहीत, अभद्र वाटतं. दिवा 'वाढव' म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जे संपवायचं त्यालाच आम्ही वाढवणं म्हणतो.

ती ऐकत होती. चाकाचे घुंगरू वाजत होते.

"त्या दिवशी दुपारी," मी म्हणालो, "आक्का शेडच्या पलीकडून ओरडल्या, 'मारीआत्या, धुरी वाढवा आता.' तू माझ्याकडे आलीस. मी बाजेवर पडलो होतो, डोळा लागत होता. तू विचारलंस, थांबवू की आणखी घालू? मी डोळे न उघडता म्हणालो, आणखी. वाढव म्हणजे वाढव."

फिनलंडची माणसं गप्प बसतात ते आपल्यासारखं नव्हे. आपलं गप्प बसणं म्हणजे पुढच्या वाक्याची तयारी. त्यांचं नुसतं गप्प बसणं असतं. मी रस संपवला, बर्फाचा तुकडा चघळला, तोही संपला.

"म्हणजे मला सांगितलं तेच मी केलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तीन वर्षं मी घरी सगळ्यांना सांगतेय की मी मूर्ख आहे."

तिला मासिकातला परिच्छेद माहीत नव्हता, तोही सांगितला. सूर्याचं वाक्यसुद्धा. ते ऐकून ती एकदम हसली. म्हणाली, वाक्य चांगलं आहे, पण आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, ते का नाही लिहिलंत? मग उठून तिनं आणखी दोन ग्लास सांगितले, या वेळी आलं घालून.

"आक्कांना तुम्ही सांगायचं," ग्लास माझ्या हातात देत ती म्हणाली. "मी नाही सांगणार. माझं मराठी तेवढं नाही. आणि दुभाषे तुम्ही आहात."

तासगावकडे

गावाचं नाव लिहीत नाही, कारण आक्का म्हणाल्या, "गावाला कशाला मधी घालताय?" तासगावपासून थोडं आत, द्राक्षबागा संपतात तिथे त्यांची शेड आहे. बाजूंनी उघडी, वर पत्रा, आत मजल्यांवर मजले ताणलेल्या जाळ्या आणि त्यांवर सुकत घातलेली द्राक्षं. चैत्राचं ऊन बाहेर फटकारतं आणि आतून गोड, जड वास येतो. मार्यात्ता म्हणाली, आमच्या लाकडी बाष्पस्नानाच्या खोलीत असंच गरम असतं, पण तिथे माणूस सुकवतात.

शालनआक्का सत्तरीच्या. नवरा पूर्वीच गेला. मुलगा दत्ता फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला. शेजारी रसूलभाई, त्यांच्याकडे बेदाणा निवडायचं यंत्र आहे, आणि आसपासच्या सगळ्या शेडचा माल तिथूनच जातो. मासिक वाचणारे गावात तेच एक.

आक्कांनी मार्यात्ताच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "वाळलीस गं. तिकडं कोण वाढत न्हाई व्हय तुला?"

माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमी मातर जाड झालासा."

दुसऱ्या दिवसापासून कामाचा रगाडा सुरू झाला. दिवस उजाडायच्या आत चहा. मग बागेतून क्रेट येतात. द्राक्षाचे घड पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवायचे, निथळायचे, जाळीवर एकेरी पसरायचे. मला वयामुळे बसायचं काम: सुकलेल्या बेदाण्यातून काड्या निवडायच्या. मार्यात्ता क्रेट उचलायला गेली तर दत्तानं हात आडवा केला.

"आपकी पोस्टिंग इधर है," तो तिला माझ्या शेजारची जागा दाखवत म्हणाला. "निवडायला बसा. गंधकाकडं जायचं न्हाई, आर्डर हाय."

काड्या निवडणाऱ्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आवं मारीआत्या, काडेपेटी तरी हाय का पिशवीत? असली तर द्या हिकडं." त्यात वाईटपणा नव्हता, गंमतच होती. मार्यात्ताही हसली आणि काड्या निवडायला बसली. पण तिचे हात क्रेट उचलणारे हात. चार दिवस तिला त्यांनी धुरीच्या कप्प्याजवळ फिरकू दिलं नाही. जे काम शिकून घ्यायला ती अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती, ते काम ती वीस पावलांवरून बघत होती, माझ्यामुळे.

आणि खांबावर माझा लेख होता. रसूलभाईंनी तो परिच्छेद असलेलं पान प्लास्टिकमध्ये घालून तारेनं खांबाला बांधलं होतं. नवीन कामाला आलेल्यांना आधी ते वाचून दाखवत. "सेफ्टीसाठी," दत्ता म्हणाला.

पाचव्या दिवशी दुपारच्या जेवणाला सगळे शेडच्या सावलीत बसले होते. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. मी भाकरी खाली ठेवली आणि सांगितलं. सगळं सांगितलं: बाज, डोळे, शब्द. चूक तिची नव्हती, माझी होती, आणि वर मी ते उलटं छापलं.

मग दत्तानं मान डोलावली.

"बगा, ह्याला म्हनत्यात मोठं मन," तो बायकांना म्हणाला. "आमच्या युनिटला एक साहेब होते. जवानाची गलती असली की आपल्या अंगावर घ्यायचे."

"मी अंगावर घेत नाही, दत्ता. ती माझीच आहे."

"व्हय, व्हय. ते साहेब बी असंच म्हणायचे."

मी रसूलभाईंकडे वळलो. त्यांनी खांबाकडे बोट केलं. "सर, छापून आलंय. छापल्यालं खोटं कसं असंल? तिला बरं वाटावं म्हणून तुमी बोलताय. चांगलं हाय. आमी काय मनात धरलंय व्हय? जेवा."

एका बाईनं माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं. मी मार्यात्ताकडे पाहिलं. ती शांतपणे कांदा खात होती आणि, मला शपथेवर सांगता येईल, तिला हसू येत होतं. मी आयुष्यभर खरं बोललेल्या माणसासारखा आदर मिळवून बसलो होतो, आणि खरं तेवढं कुणी घेत नव्हतं.

आक्का मात्र भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

धुरीचा दिवस

सुकलेल्या बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून एका कप्प्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद लावतात आणि आत घमेल्यात गंधक पेटवतात. किती वेळ ठेवायचं ते आक्का वासावरून, कागदातून दिसणाऱ्या रंगावरून ठरवतात. कमी झालं तर माल काळपट. जास्त झालं तर पांढरा फटक, आणि खाल्ला की घशाला धरतो. त्या वर्षी तसंच झालं होतं. आक्कांनी त्या कप्प्यातला सगळा माल वेगळा काढला होता आणि मार्यात्ता एका अक्षरानं कुणाला न दुखावता परत जायची बांधाबांध करत होती, ते मला आठवलं.

सहाव्या दिवशी दुपारी पुन्हा धुरी लागली. मी बाजेवर पडलो नव्हतो, उभा होतो. आक्का कप्प्याशी होत्या, तोंडाला पदर बांधून. काम थांबवून सगळे बघत होते, कारण आक्कांनी मार्यात्ताला हाक मारून जवळ बोलावलं होतं आणि तिच्याही तोंडाला फडकं बांधलं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी कागदातून आत पाहिलं, एकदा वास घेतला, आणि मागे न वळता म्हणाल्या:

"मारीआत्या, धुरी वाढवा आता."

दत्ता पुढे सरकला. मी तोंड उघडलं, पण मार्यात्तानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं कागदाची कड उचलली, लांब आकड्यानं घमेलं बाहेर ओढलं आणि त्यावर दुसरं घमेलं पालथं घातलं. कडेनं निळसर धूर चुरचुरला आणि थांबला. कागदाची कड पुन्हा खोचून ती उभी राहिली आणि आपल्या मराठीत म्हणाली, "आक्का, मला आता शब्द माहीत. तेव्हा माहीत नाही. तेव्हा मी सरांना विचारलं."

आक्कांनी पदर सोडला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ही तवा तुमच्या बाजेपाशी गेल्याली मी बघितलं व्हतं, सर. मला वाटलं, पाणी मागाया गेली असंल. मग घमेल्यात गंधक टाकाया लागली तवा मी पळत आले, पर उशीर झाला व्हता." जरा थांबून म्हणाल्या, "तीन वर्सं झाली, मी इचार करतीया. हुशार बाई, असं का करंल?"

"मी सांगितलं म्हणून, आक्का."

"शिकल्याला मराठी मानूस तुमी. धुरी वाढव म्हंजे काय, कळंना तुमास्नी?"

"कळतं. त्या दिवशी झोप येत होती. आणि नंतर लाज वाटली."

दत्ता खाली बघत होता. रसूलभाईंनी चष्मा काढून पुसला. "सर, म्हंजे छापल्यालं खोटं हाय?"

"हो."

"आरं गड्या," ते दत्ताला म्हणाले, "मी पन्नास मानसांस्नी वाचून दाखवलं रं."

मी खांबाकडे गेलो आणि तार सोडायला लागलो. आक्कांनी अडवलं.

"ते काढून काय व्हतंय? वाचल्याली मानसं काय फाडनार हायसा? तुमी पेटवलंय सर, तुमीच वाढवा. जितं लिवलं तितंच लिवा."

"मासिकात?"

"मग काय माझ्या भिंतीवर? आनि ते सूर्याचं बी नीट लिवा. तिच्याकडं उन्हाळ्यात मावळत न्हाई म्हनं. मला सांगितलंय तिनं."

त्या दिवसापासून मार्यात्ताची जागा बदलली. उरलेले सात आठवडे धुरीवर आक्का आणि ती, दोघीच. मला काड्या निवडायलाच ठेवलं. एका बाईनं विचारलं, "सर, झोप येतीया का? मग लांब बसा जरा, बेदान्यापासनं." मी लांब बसलो.

निघायच्या दिवशी रसूलभाईंनी ते जुनं पान तारेसकट खांबावर एका बाजूला सरकवलं. शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवली, आणि मला सांगितलं, "लय लांब लिवू नका. एका पानात बसाया पायजे. मला उभं राहून वाचायचं असतंय."

हे लिहिणं एका पानात बसलेलं नाही, रसूलभाई. पण तुम्हाला वाचायचा परिच्छेद हा, एवढाच, कापून घ्या:

धुरी वाढवणं म्हणजे धुरी विझवणं. फिनलंडहून आलेल्या मार्यात्ताला हे माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. मला माहीत होतं, आणि मी चुकीचं सांगितलं. तिच्या देशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही.